धाकला वाचते का मरते

माझा धाकटा भाऊ अकोल्याला डायलिसिसवर होता. मशीन सुरू झालं की त्याला वेळ खायला उठायचा, म्हणून मी उशाशी बसून वाचून दाखवायचे. माझ्या आवडत्या लेखकाची एक कथा त्याने कितीदा तरी ऐकली. दोन भाऊ, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहणारे, वाटणीवरून अबोला धरलेले. थोरला रोज भिंतीपलीकडचा धाकट्याचा खोकला ऐकतो. एका दुपारी तो खोकला थांबतो.

"ताई, तो खोकल्याचा तुकडा पुन्हा वाच बरं," भाऊ म्हणायचा. पावसाळा संपता संपता तो गेला.

त्याच हिवाळ्यात पेपरात वाचलं की त्या लेखकाचं अमरावतीला अभिवाचन आहे. मी बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवते. वर्गात माझा आवाज चांगला चढतो, पण मोठ्या माणसापुढे जीभ टाळूला चिकटते. इतकी वर्षं त्यांना वाचत होते, पण दोन ओळी लिहून कळवायचंही धाडस झालं नव्हतं. तरी रविवारी सकाळची एसटी धरली. मागे बसायचं, ऐकायचं, जमलंच तर सही घ्यायची, एवढंच ठरवलं होतं.

सभागृह अर्धंच भरलं होतं. लेखकाच्या मुलीने त्यांना हाताला धरून मंचावर बसवलं आणि ती पहिल्या रांगेत येऊन बसली. त्यांनी नेमकी तीच कथा वाचायला घेतली. आवाज अजून खणखणीत होता. मी पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होते.

अर्ध्यावर आले आणि पान उलटायचं सोडून ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. मागे कुणीतरी खाकरलं. दुसऱ्यांदाही तिथेच येऊन अडले. संयोजक लगबगीने पुढे झाले. "सर, आता आपण प्रश्नोत्तरं घेऊ."

"थांबा नं जरा." त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि आमच्याकडे बघितलं. "पुढं काय झालं?"

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. मुलीने मात्र मान खाली घातली.

मी उभी कशी राहिले, कळलं नाही. पुढचं वाक्य माझ्या तोंडून आलं, मग त्याच्या पुढचं. पाठच होतं ते. खोकला थांबतो आणि थोरला भिंतीला कान लावतो, तिथे येऊन मी थांबले.

ते पुढे झुकून ऐकत होते. "हे तुमी लिवलं काय?"

"नाही सर. तुम्ही."

"मी?" त्यांना ते पटलं नाही. "मंग तो धाकला वाचते का मरते?"

आता कुणी हसत नव्हतं. कथेत तो मरतो. ते वाक्यही मला पाठ होतं.

"वाचतो," मी म्हणाले.

"बरं झालं, बाई!" त्यांनी हसून मला हात जोडले. डोळे भरून आले होते त्यांचे.

कार्यक्रम तिथेच आवरला. सही मागायचा प्रश्नच नव्हता. मी जिन्यावरून उतरत होते, तर मुलगी मागून आली.

"कथेतला धाकटा म्हणजे आमचे काका," ती म्हणाली. "अंजनगावले होते. बाबा रोज विचारतात, काका कुठे आहेत. काका गेले, असं सांगितलं की रडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. आज पहिल्यांदा हसले." तिने माझा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटता सुटता तिचा फोन आला.

"रागावून नाही सांगत, ताई. बाबा आज पहाटेच आंघोळ करून, कोट घालून ओट्यावर बसले. चला म्हणे अंजनगावले. धाकला वाचला म्हणे, त्या बाई बोलल्या. बाकी सगळं विसरतात हो, हे तेवढं ध्यानात राहिलं."

"मग?"

"दुपारपर्यंत टाळलं. जेवेनात. शेवटी सांगितलं."

तेवढ्यात आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि "ठेवते," म्हणून तिने फोन ठेवला.