मांजरीच्या विहिरीचं पाणी

“संपलेला सेल टाकू नका हो, मला द्या,” असं म्हणत बाई हात पुढे करायच्या. टॉर्चमधला, भिंतीवरच्या घड्याळातला, कुणाचाही चालायचा. कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. मुलं तेव्हा कॉम्प्युटरकडे धावत होती, बाईंच्या वर्गातली बाकं रिकामी पडत. “बरंय, भंगार ठेवायला जागा झाली,” त्या म्हणायच्या.

सेल फोडून आतली कार्बनची कांडी काढायची, बारीक कुटायची, तेलात मळून इंजेक्शनच्या नळीत भरायची, हे माझं काम. ती नळी पाण्यात बुडवून वीज सोडली की, पाण्यात कीटकनाशक असेल तर यंत्रातल्या कागदावरची रेघ वर चढावी, असा बाईंचा खटाटोप. दोन वर्षं रेघ चढेना. चढलीच तर साध्या पाण्यातही चढायची. बाई नळी पुसायच्या.

तुम्हीही माझ्यासारखंच म्हणाला असता, बाईंना छंद आहे. तसं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण टायफॉइडमधून उठली, तेव्हा बाईंनीच तिला हवापालटासाठी पुण्याजवळच्या मांजरी गावाला, भावाच्या मळ्यावर पाठवलं. विहिरीचं गोड पाणी भरपूर पी, असं निघताना बजावलं. तीन आठवड्यांत तिला झटके आले आणि ती गेली. पाणी कुठलं प्यायली, एवढंच डॉक्टरांनी विचारलं होतं. बाईंनी भावाला संशय सांगितला, तर आम्ही रोज तेच पितो म्हणून त्याने उडवून लावला.

एका दुपारी मांजरीच्या विहिरीतून आणलेल्या पाण्यात रेघ सरळ वर गेली. नळाच्या पाण्यात गेली नाही. तीनदा करून पाहिलं.

“बाई, जमलं,” मी म्हणालो.

त्या कागदाकडे बघत राहिल्या. “मीच पाठवलं होतं हो तिला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मांजरीला गेलो. वहिनी विहिरीवर घागर भरत होत्या. बाईंनी ती घेतली आणि जमिनीवर ओतली. भाऊ चिडला. फवारणीचे पंप सगळेच विहिरीवर धुतात, त्यानं कोण मरतंय, म्हणाला. बाईंनी कागद पुढे केला.

“काय हाय ह्यात, ताई?”

“आपल्या धाकटीनं प्यायलेलं पाणी.”

तो पाना घेऊन आला आणि विहिरीवरची मोटर सोडवायला लागला.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या दिसतात त्या तिथेच. भाऊ पाठमोरा नट फिरवतोय, आणि बाई कठड्यावर, ती रिकामी घागर पोटाशी धरून बसल्या आहेत.