कुल्फीच्या साच्यातलं पाणी

लातूरच्या बाजारात, भर गंजगोलाईत, पन्नास माणसांदेखत मी गुरुपादप्पांना म्हणाले होते, "अक्कल काय बाजारात विकून आलात का?" माझ्या बापाच्या वयाचे होते ते. हातातला कुल्फीचा साचा तसाच धरून उभे राहिले. चाळीस वर्षं होऊन गेली, तरी आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पण सांगते. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या लातूरला ठाऊक आहे, आता त्यात लपवायचं काय?

मी तुळजा, लोह्याच्या भुजंगरावांची धाकटी. नर्सिंग नांदेडला केलं आणि नेमणूक मिळाली देवणीच्या पलीकडं, निंबवाडी आणि आसपासच्या वाड्यांवर. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आधी लस म्हणजे उस्मानाबादहून यायची वाट बघत बसा. आता लातूरला आली की एका दिवसात देवणी. आनंदच होता. पण नवा संसार म्हटल्यावर पोळपाट येतो, लाटणं राहून जातं. लस आली, लसीचा डबा आला, त्यात ठेवायचा बर्फ मात्र ज्यानं त्यानं बघायचा. मी बघितला गंजगोलाईतल्या कुल्फीच्या गाड्यावर.

तो गाडा गुरुपादप्पांचा, सगळे त्यांना अप्पाच म्हणायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला मळकट पटका, आणि समोर लाल कापड गुंडाळलेला मोठा माठ. माठात बर्फ, बर्फात पत्र्याचे निमुळते साचे, साच्यांच्या झाकणांना कणीक लावलेली. गिऱ्हाईक आलं की साचा काढायचे, दोन तळव्यांत धरून चारदा फिरवायचे, कुल्फी अलगद ताटलीत. मी एकदा म्हणाले, "अप्पा, गरम पाण्यात बुडवा की, लवकर सुटंल."

"कशाला? दोन तळव्यांची ऊब बास झाली," म्हणाले. "ज्यादा दिली तर कुल्फीचं दूध व्हतं."

हा माणूस चौथीपर्यंतसुद्धा शिकलेला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात निंबवाडी सोडून लातूरला आला आणि बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला लागला. तिथं बाकीचे लाद्या उन्हात तशाच गाडीवर टाकायचे, पोहोचेपर्यंत निम्मी लादी रस्त्यावर. अप्पांनी डाळमिलमधून तुरीचा भुसा आणला, लाद्या त्यात पुरल्या आणि वरून आपली काळी घोंगडी घातली. सगळे पोट धरून हसले. घोंगडी गरम असते, तिनं बर्फ वितळंल, एवढी साधी गोष्ट या अडाण्याला कळत नाही का! संध्याकाळी लादी मोजली तर बोटभरच झिजलेली.

"घोंगडीत ऊब नसती, सिस्टरबाई," ते मला सांगायचे. "ऊब माणसात असती. घोंगडी निसती दार लावती. आतली ऊब भाईर जाऊ देत न्हाई, तशी भाईरची आत येऊ देत न्हाई. अन् थंडी म्हणून काही चीजच न्हाई बघा. बर्फ थंडी देत न्हाई, बर्फ ऊब खातो. खाऊन खाऊन त्याचं पाणी व्हतं."

आम्हाला हेच पुस्तकातून शिकवलं होतं, पण इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. मग मी दर महिन्याला लसीचा डबा त्यांच्याकडूनच भरून घ्यायला लागले.

त्र्याऐंशीचा उन्हाळा. पाऊस आधीच दगा देऊन गेलेला. निंबवाडीत पहिल्यांदाच त्रिगुणी लस द्यायची होती, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची. घटसर्प म्हणजे पोराच्या घशात पडदा धरतो, श्वास कोंडतो, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. मी घरोघर फिरून बायकांच्या हातापाया पडले होते. सुईनं पोर लुळं पडतं, असं कुणीतरी उठवून दिलेलं. तरी सत्तावीस आया कबूल झाल्या.

त्या सकाळी मी डबा अप्पांच्या हवाली केला. म्हणाले, "अप्पा, आज नीट भरा. तुमच्याच गावाला चाललीय. घटसर्पाची लस आहे." आणि रजिस्टरं आणायला कचेरीत गेले. परत आले तेव्हा डबा बांधून तयार होता. अप्पांचा चेहरा कसा तरी झाला होता, डोळे लाल. मला वाटलं ऊन लागलं असंल. विचारलंसुद्धा नाही. बस सुटायची घाई.

उदगीरला गाडी बदलली, देवणीपासून पाच किलोमीटर चालत निंबवाडीला पोहोचले. मारुतीच्या पारावर आया बसलेल्या, रोजगार हमीच्या कामावर खाडा करून आलेल्या. डबा उघडला. लसीच्या बाटल्या पांढऱ्याफटक, दगडासारख्या घट्ट. बर्फावर बोट टेकवून जिभेला लावलं. खारट! त्या माणसानं बर्फात मूठ-मूठ मीठ घातलं होतं, कुल्फीच्या माठात घालतात तसं.

आता मिठाचं काय होतं ते सांगते, म्हणजे माझा राग कळंल. नुसता बर्फ आपला सावकाश ऊब खातो आणि पाण्याला गार करून थांबतो. मीठ पडलं की त्याला खा-खा सुटते. तो भराभर वितळतो आणि वितळायला लागणारी ऊब शेजाऱ्याकडून ओरबाडून घेतो. शेजारी दूध असलं तर त्याची कुल्फी होते. शेजारी माझी लस होती. आणि ही लस एकदा गोठली की मेली. एक बाटली हातात धरून वितळवली, हलवली, तर वर पाणी अन् खाली पिठाचे कण बसलेले. असली लस टोचली काय, न टोचली काय.

सत्तावीस आयांना मी परत पाठवलं. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बाई, आता पुन्हा बलावू नकासा."

दुसऱ्या दिवशी तडक गंजगोलाई, आणि मग ते तोंड सुटलं, जे सुरुवातीला सांगितलं. "लस आहे ती, कुल्फी नाही! कुणी सांगितलं होतं मीठ घालायला?" सगळं बोलून झालं. अप्पांनी साचा गाड्यावर ठेवला आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. त्यांची बायको कमलम्मा कोपऱ्यात पिस्ते कापत बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली.

"अगं पोरी, आमची शिवगंगा घटसर्पानं गेली," ती म्हणाली. "दुष्काळाच्या साली. पाच वर्साची व्हती. हे खडी फोडायला गेलते, मी एकटी. गाडी जुंपून उदगीरला नेऊस्तोवर..." पदरानं तोंड पुसून म्हणाली, "काल ह्यांना वाटलं, लांबचा पल्ला हाय, ऊन हाय, लस वाचाय पायजे. म्हणून जास्तीची थंडी घातली."

ज्या माणसानं जिवापाड काळजी घेतली त्याच्या हातून नेमकं तेच बिघडलं होतं. आणि मी त्याला पन्नास लोकांत उभा चिरला होता. मला रडू आलं, खरं सांगते. तिथंच रडले. अप्पांनी एक कुल्फी काढली, तळव्यांत फिरवली आणि माझ्यासमोर ठेवली.

कचेरीतल्या आरोग्य साहेबांना सगळं खरं सांगून मी दुसऱ्यांदा लस मागितली. ते म्हणाले, "सिस्टर, शिल्लक थोडीच आहे. एकदा देतो. याही वेळी खराब झाली तर निंबवाडीचा नंबर पावसाळ्यानंतर." पावसाळ्यानंतर म्हणजे तोवर कुणाच्या घरात घटसर्प शिरला तर? आणि त्या आया तरी तिसऱ्यांदा कशाला येतील?

अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्या येतो संगं."

"अहो, गाडा?"

"गाडा कमला बघंल. अकरा वर्सं झाली, गावात पाऊल टाकलं न्हाई. आता जातो."

या वेळी त्यांनी माझ्यासमोर डबा भरला. नुसता बर्फ, मिठाचा डबा तर गाड्याखाली सरकवून टाकला. डबा पोत्यात, भोवती तुरीचा भुसा गच्च, वरून घोंगडी. पण झाकण लावायच्या आधी एक कुल्फीचा साचा घेतला, त्यात थोडी जागा सोडून साधं पाणी भरलं, कणकेनं तोंड बंद केलं आणि बाटल्यांच्या शेजारी ठेवला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"साखरंचं दूध उशिरा गोठतं, साधं पाणी लवकर. लस गोठायची आसंल तर आधी ह्ये गोठंल. साचा हालवायचा. आत पाणी वाजलं तर लस जित्ती हाय."

माझ्याकडं नर्सिंगचं सर्टिफिकेट होतं, आणि हे मला सुचलं नव्हतं.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, डबा टपावर टाका. "टपाचा पत्रा तव्यावानी तापतो, भाऊ, आत बर्फ हाय," अप्पा म्हणाले आणि डबा मांडीवर घेऊन बसले. मे महिन्याचं ऊन, खिडकीतून झळा, आणि हा म्हातारा मांडीवर काळी घोंगडी पांघरलेला डबा धरून बसलेला. मागून एक जण ओरडला, "काय हो मामा, बर्फाला हिव भरलं का?" सगळी गाडी हसली. अप्पाही हसले.

आणि उदगीरच्या अलीकडं गाडी बंद पडली. दीड तास. झाडाचं पान नाही सावलीला. माझा जीव टांगणीला लागला. आतला बर्फ संपला तर लस तापंल, तापली तरी वाया. दहादा हात पुढं केला, एकदा तर घोंगडीचं टोक उचललंच. अप्पांनी माझ्या हातावर फट्कन चापट मारली.

"उघडून बघाल तितकी ऊब आत जाईल. गुमान बसा."

"पण आत बर्फ उरला नसंल तर?"

"नसंल तर बघून येणार हाय का?"

मला गप्प बसवणारा तो एकच माणूस भेटला आयुष्यात.

निंबवाडीत पोहोचायला चार वाजले. पारावर कुणी नव्हतं. मी हाका मारल्या, तर दारं किलकिली झाली, पण पाय कुणाचे हलेनात. मग अप्पा पारावर चढले. चार माणसांसमोर बोलायची सवय नसलेला माणूस.

"म्या गुरुपादप्पा. खालच्या आळीतला. माझी शिवगंगा तुमच्यातल्या लई जणींनी अंगाखांद्यावर खेळवलीय. मागल्या टायमाला लस माझ्या हातानं खराब झाली, ह्या बाईची चूक न्हाई. आज म्या सोता घेऊन आलोय. तुमच्यादेखत उघडतो."

बायका यायला लागल्या. आधी तीच म्हातारी, कडेवर नातू घेऊन. मग दोघी, मग घोळका. अप्पांनी घोंगडी काढली, भुसा बाजूला केला, झाकण उघडलं. आत नारळाएवढा बर्फ शाबूत! माझ्या तोंडून "अगं बाई गं!" एवढंच निघालं. त्यांनी साचा काढला, पण स्वतः हलवला नाही. माझ्या हातात दिला.

मी साचा कानाशी नेला आणि हलवला.

आत पाणी वाजलं.

"वाजलं का?" अप्पांनी विचारलं.

"वाजलं, अप्पा." मी साचा त्यांच्या कानाशी धरला आणि पुन्हा हलवला. ते डोळे मिटून ऐकत राहिले, मी थांबले तरी ऐकतच राहिले. मग म्हणाले, "टोचा आता."

सव्वीस पोरांना टोचलं. सत्ताविसावी आई माहेरी गेलेली, तिच्या पोराला पुढच्या महिन्यात गाठलं. नुसता रडण्याचा कल्लोळ उसळला होता पारावर, आणि अप्पा मधोमध बसून एकेका पोराला थोपटत होते. रात्री थोडा ताप येईल, भिऊ नका, असं मी बायकांना सांगत होते. लसीच्या तापाला भ्यायचं नाही, हे अप्पांनाही वेगळं सांगावं लागलं.

सगळं आवरलं तेव्हा पाचेक वर्षांची एक पोरगी पुढं आली. तिच्या धाकट्या भावाला टोचलं होतं. तिची नजर साच्यावर.

"आज्या, त्यात कुल्फी हाय का?"

"न्हाई गं माय. निसतं पाणी हाय."

अप्पांनी कणीक खरवडून साचा तिच्या हातात दिला. त्या गावात तेव्हा टँकरचं कोमट पाणी प्यायची सवय. पोरीनं एक घोट घेतला, डोळे मोठे केले, आणि साचा दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्याली. "लई गार हाय!" म्हणाली आणि ओल्या तोंडानं हसली.

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. शिवगंगा जाताना तिला घोटभर पाणीसुद्धा गिळता आलं नव्हतं, हे मला कमलम्मानं नंतर कधीतरी सांगितलं.

पुढं देवणीला चांगला फ्रीज आला, तोवर सात वर्षं दर महिन्याला अप्पा माझ्याबरोबर आले. निंबवाडीत त्यानंतर घटसर्पानं एकही पोर गेलं नाही. माझं रजिस्टर आहे, कुणालाही दाखवीन. त्या दिवशी परतताना देवणीचा फाटा दिसायला लागला तेव्हा अप्पा म्हणाले, "पुढल्या खेपेला त्या पोरीला कुल्फी आणतो."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"दुसऱ्या डब्यात, सिस्टरबाई," ते घाईघाईनं म्हणाले. "मीठ दुसऱ्या डब्यात."