निम्म्या मेमरीतले दोन साडू

३ मार्च. एका मीटरमागे अठ्ठेचाळीस रुपये पन्नास पैसे. पाण्याच्या मीटरमध्ये निम्म्या मेमरीची चिप बसवली तर एवढे वाचतात, असा हिशोब कंपनी चालवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी फळ्यावर मांडला. अडचण एकच होती. मीटर आपली नोंद नेटवर्कवरून पाठवायचा, आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नेटवर्किंगचा भाग एकटाच निम्म्याहून जास्त मेमरी अडवून बसला होता.

"जो हा भाग आवळेल, तो विभागप्रमुख," बाई म्हणाल्या.

थोरल्यांनी मनातल्या मनात ती खुर्ची झाडून ठेवली. ऑफिसात त्यांना सगळे थोरले म्हणत, कारण त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवराही तिथेच होता. तो धाकटा. त्याला नोकरीला चिकटवलाही थोरल्यांनीच, हे शल्य वेगळंच.

"साडूभाऊ, लावायची पैज?" धाकटा म्हणाला. "हरेल त्याने चहा पाजायचा."

"पैसे काढून ठेव," थोरले म्हणाले.

थोरल्यांचा स्वभाव काटकसरीचा. न लागणारे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांचे आपसात बोलायचे नियम, त्यांनी काढून टाकले, चुकांचे लांबलचक संदेश छाटले. दोन महिने मान मोडून काम केल्यावर कशीबशी जागा निघाली. पण मीटर इतका आखडला की एका वेळी एकाच यंत्राशी बोलू शके.

धाकट्याने काही छाटलंच नाही. प्रत्येक जोडणीसाठी कर्नल मोठाले बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायचे कप्पे, आधीच राखून ठेवत असे, वापर असो वा नसो. त्याने ते मोडून मेमरीच्या छोट्या तुकड्यांचा एकच सामाईक साठा केला. डेटा आला की तुकडा उचलायचा, काम झालं की परत ठेवायचा. मेमरी निम्म्यात बसली आणि वर थोडी उरलीही.

थोरल्यांनी त्याचा कोड दोनदा वाचून काढला. इतकी सोपी गोष्ट आपल्याला का सुचू नये?

घरी बायको म्हणाली, "आईचा फोन होता. धाकटे जावई फार हुशार, म्हणत होती."

"तिला बफर म्हणजे काय ते तरी कळतं का?"

"मलाही नाही कळत. तुमचं तोंड मात्र कळतं."

रविवारी ते एकटेच ऑफिसात जाऊन बसले. धाकट्याचा मीटर टेबलावर ठेवून नेटवर्कची तार मुद्दाम उपटत, जोडत राहिले. दुपारनंतर मीटर मुका झाला. संदेश अर्धवट असताना तार निघाली, की त्याचे तुकडे साठ्यात परत जातच नव्हते. साठा आटत होता. त्या दिवशी थोरल्यांना जेवण गोड लागलं. धाकट्याला फोन मात्र केला नाही. त्यांना त्याचं नाक चारचौघांत कापायचं होतं.

सोमवारच्या बैठकीत तसं कापलंही. मीटर सगळ्यांसमोर मुका झाला आणि धाकट्याचा चेहरा उतरला.

"दुरुस्तीला किती वेळ?" बाईंनी विचारलं. "उद्या कारखान्याला कळवायचंय. नसेल होत तर थोरल्यांचं घेऊ."

"बघावं लागेल," धाकटा पुटपुटला. "आठवडा तरी."

थोरल्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण चुकीचं उत्तर समोर पडून राहिलं की त्यांना डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होई.

"कसला आठवडा! कोडच्या दोन ओळी लागतात. मी कालच घालून पाहिल्या," ते बोलून गेले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "छान. मग धाकट्याचंच घेऊ, तुमच्या दोन ओळींसकट."

संध्याकाळी धाकटा त्यांच्या टेबलापाशी आला. "साडूभाऊ, बोलला नसता तर खुर्ची तुमची होती."

"ठाऊक आहे. हे तोंड माझं ऐकत नाही."

"पण इतकं जळून माझं काम दुसऱ्या कोणी तपासलं नसतं हो!" धाकटा हसला. ते हसू विभागप्रमुखाला शोभेल असं होतं, आणि थोरल्यांना तेही खुपलं.

दोघं खाली चहाला गेले. थोरल्यांकडे सुटे नव्हते, धाकट्याने दिले. पैज थोरले हरले होते. चहाचे चाळीस रुपये ते धाकट्याला अजून देणं लागतात.