बोर्डावर कामाचं नाव नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी लग्नाआधी चोरून ओढलेल्या विड्यांचीही कबुली देऊन बसलोय. तुम्ही मला ओळखत नाही, त्याला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. मधेच भलतीकडे वळलो तर टोका मला. वळायची मला जुनी सवय आहे.

गोष्ट कॅरमची आहे. हसू नका.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. मालेगावात — नाशकाकडचं नव्हे, आमचं, वाशिमच्या वाटेवरचं — मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दिवसभर औषधाच्या पुड्या बांधायच्या, बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवायच्या, गळवं धुवायची. संध्याकाळी दवाखाना मिटला की पावलं आपोआप रहमतभाईंच्या दुकानाकडे वळत. रहमतभाई शिंपी. त्यांच्या दुकानाच्या ओसरीवर एका खोक्यावर कॅरमचा बोर्ड मांडलेला असे, आणि त्याच्या चार बाजूंना आम्ही चौघे. बोर्डावर टाकायची बोरिक पावडर माझ्याकडून. डॉक्टरांना विचारून आणायचो, बरं का! मला सांगायचंय ते हे नव्हे.

आमचे चौघांचे धंदे चार, आणि ते बोटांत उतरलेले. रहमतभाईंच्या बोटाची शेंडी सुईने टोचून टोचून अशी झालेली की त्यांचा स्ट्रायकर गोटीला नुसता कानात काहीतरी सांगून यायचा. नामदेव यष्टीवर ड्रायव्हर. तो मारायचा म्हणजे घाटात ब्रेक दाबल्यासारखा. गोटी छिद्रात जायची नाहीतर थेट रस्त्यावर, आणि मग कोणीतरी कंदील घेऊन नालीत शोधत बसायचं. मी पुड्या बांधणारा — मोजून मापून, भीत भीत. आणि उत्तम. उत्तम दुष्काळी कामावर खडी फोडायचा.

दिवसभर हातोडा चालवलेला माणूस कॅरम खेळेल, हे तुम्हाला पटतं का? मलाही पटलं नव्हतं. तळहाताला घट्टे, नखांत रस्त्याची धूळ. पण तो बसायच्या आधी रहमतभाईंच्या माठातल्या पाण्याने हात धुवायचा, तर्जनी अंगठ्यावर टेकवायचा, आणि मग जे काही व्हायचं ते बघत राहावं. मी त्याचा जोडीदार होतो, त्याच्या समोर बसायचो. माझ्या चुका तो निस्तरायचा. जिंकलो की लोक म्हणायचे, वसंताची — म्हणजे माझी — जोडी जबरदस्त आहे. मी मान डोलवायचो.

रहमतभाईंचा एक नियम होता. बोर्डावर कामाचं नाव काढायचं नाही. "इथं कोनी दर्जी नाही, ड्रायव्हर नाही, कंपोंडर नाही," ते म्हणायचे. "फकत चार हात हायेत." ज्याने कामाचा विषय काढला त्याला जिंकलेली एक गोटी परत मांडावी लागे. नामदेवने डेपोतल्या साहेबाला शिव्या घालण्यापायी कितीतरी डाव घालवले. मला त्या नियमाची गंमत वाटायची. उत्तमला मात्र तो मनापासून आवडायचा. का आवडायचा, हे कळायला मला फार वर्षं लागली. दिवसभर मुकादम त्याला ज्या नावाने हाक मारायचा ते ओसरीच्या पायरीखाली राहायचं, एवढंच त्याचं कारण होतं.

उत्तम मॅट्रिक झालेला होता. त्याच्या घरातला पहिला. छप्पन साली त्याच्या बापाने दीक्षा घेतली ती पोराला शिकवीन या हिमतीवर, आणि मग पोरगं शिकलं तर असा दुष्काळ पडला. त्याची आई त्याच रस्त्यावर टोपल्या उचलायची. तो जिथं तिथं अर्ज करायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं अशी पळवाट मला नाही.

आता येतो त्या दिवसावर.

दवाखान्यात वाशिमकडच्या एका शाळेचे सेक्रेटरी इंजेक्शन घ्यायला यायचे. डॉक्टरांनी त्यांच्या कानावर उत्तमचं नाव घातलं होतं — माझ्याच सांगण्यावरून. हो, तेही मीच केलं होतं. माणूस किती सरमिसळ असतो बघा. त्या दिवशी सेक्रेटरी बाही खाली ओढत म्हणाले, प्रयोगशाळेत परिचराची जागा निघाली आहे, पोरगा मॅट्रिक आहे तर उद्या सकाळी वाशिमला येऊन भेटू दे, उद्याच ठरवायचंय, नाही आला तर दुसरा तयार आहे. डॉक्टर माझ्याकडे वळले. तू रोज बसतोस ना त्याच्याबरोबर, म्हणाले, सांग त्याला. मी हो म्हणालो. आनंदाने म्हणालो, खोटं नाही सांगत.

आणि मग पुढची पुडी बांधता बांधता मला आठवलं, उद्या शेलूबाजारला कॅरमचे सामने आहेत.

काय वाटतं तुम्हाला, किती मोठे असतील ते सामने? एक मांडव, चार बोर्ड, आजूबाजूच्या गावांच्या जोड्या. जिंकणाऱ्याला लाकडी ढाल, तिच्यावर पितळी पत्रा. बस. पण मी जन्मात काही जिंकलेलं नव्हतं. शाळेत नाही, शेतात नाही — घरी थोरला भाऊ होता, सगळं त्याला जमायचं. दोन महिने आम्ही त्या सामन्यांसाठी हात बसवत होतो. नावं जोडीने दिलेली, बदलता येत नव्हती. आणि उत्तमशिवाय मी म्हणजे काय? मोजून मापून, भीत भीत.

संध्याकाळी ओसरीवर गेलो तेव्हा सांगणारच होतो. तो आधीच बसला होता, हात धुऊन. मी तोंड उघडलं — आणि नियम आठवला. म्हटलं, डाव संपू दे. कामाचा विषय काढला तर गोटी जाईल. हे मी स्वतःशी खरंच म्हणालो! एका माणसाच्या आयुष्याच्या समोर मी एक लाकडी गोटी ठेवली आणि गोटी जड आहे असं ठरवलं. डाव संपला. दुसरा सुरू झाला. राणी उत्तमने घेतली, कव्हरही केली. उठताना तो म्हणाला, "उद्या उशीर नोको करू बाप्पा, गाडी चुकीन." मी म्हणालो, नाही करत.

रात्री झोप लागली. हेही सांगून टाकतो. छान लागली.

सकाळी स्टँडवर थंडी होती. दोन गाड्या उभ्या होत्या, एक शेलूबाजारकडे जाणारी, एक वाशिमकडे. वाशिमची आधी सुटायची. तिचं इंजिन चालू होतं, कंडक्टर दारात उभा राहून "वाशिम, वाशिम" ओरडत होता. उत्तम माझ्याकडे आला. धुतलेला सदरा घातलेला, केसांना तेल. कामाच्या मुलाखतीला जातात तसाच दिसत होता तो, आणि ते मला दिसत होतं. अजूनही वेळ होता. एक वाक्य होतं फक्त. मी काय केलं? मी म्हणालो, थंडी आहे, चहा घेऊ. आम्ही टपरीवर गेलो. बशीतला चहा फुंकत असताना पाठीमागे वाशिमची गाडी निघाल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

आम्ही जिंकलो.

ढाल मी त्याच्या हातात दिली, म्हणालो तुझ्याच घरी राहू दे. सगळे म्हणाले, वसंताचं मन मोठं आहे. खरं कारण असं की मला ती माझ्या घरात नको होती.

एवढंच असतं तर कदाचित मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. मोह झाला, तरुण होतो, असं काहीतरी मनाशी म्हणून गप्प राहिलो असतो. पण पुढचं आहे. मी त्याच्याभोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

सोमवारी डॉक्टर गल्ल्याशी उभे होते. सेक्रेटरींचा निरोप आला होता की पोरगा आला नाही, जागा भरली. डॉक्टरांनी मला विचारलं, तू सांगितलं होतंस ना? आणि मी म्हणालो — सांगितलं होतं. तो गेला नाही.

इतकं सहज आलं ते तोंडातून. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. गरिबाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पण ते मान हलवून म्हणाले, "या लोकांना काम नकोच असतं रे. आपण उगीच जीव काढतो." या लोकांना. मी बाटलीवर पट्टी चिकटवत होतो. ती सरळ चिकटली आहे ना ते नीट पाहिलं.

ते वाक्य त्या खोलीत राहिलं नाही. डॉक्टरांनी ते आणखी कुठं कुठं म्हटलं असणार. त्यांच्या शब्दाला मान होता. उत्तम नंतर एकदा त्यांच्याकडे शिफारस मागायला आला तेव्हा "बघू" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, "डॉक्टरसाहेब मायावर नाराज हायेत काय रे? म्या काय केलं?" काय सांगितलं असेल मी? म्हणालो, मोठी माणसं, त्यांचं काही कळत नाही.

त्याच उन्हाळ्यात हातोडा त्याच्या उजव्या तर्जनीवर बसला. दवाखान्यात आला तेव्हा नख उरलं नव्हतं. डॉक्टर बाहेरगावी, पट्टी मीच केली. जखम धुतली, वर बोरिक टाकली. तो दात आवळून बसला होता, आणि मी डबा जरा जास्तच कलंडलेला पाहून म्हणाला, "थोडी कमी टाक ना वसंता. बोर्डाले लागते." हसला सुद्धा. त्या शाळेत कामाला लागला असता तर त्या दिवशी तो काचेच्या नळ्या धूत असता. हे मला तेव्हाच सुचलं, नंतर नाही. त्याचं बोट हातात धरलेलं असताना सुचलं.

बोट वाकडं बरं झालं. मधल्या बोटाने मारून पाहिलं त्याने काही दिवस, मग ओसरीवर येणं कमी झालं. रहमतभाई त्याची जागा रिकामी ठेवायचे. मग एक तलाठी येऊन बसू लागला.

उत्तम पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी रखवालदार होता, बाकीचे महिने मिळेल ते. मुलांना मात्र त्याने शिकवलं. त्यात माझा काही हात नाही, तेव्हा त्या गोष्टीने मी मन हलकं करून घ्यायचा प्रश्न येत नाही. आता तो गेला.

जायच्या आधी मी त्याला भेटलो होतो. मेडशीला मुलाकडे राहायला गेला होता, खाटेला खिळलेला. फळीवर बुद्धाची मूर्ती, आणि तिच्या शेजारी ती ढाल. पितळ चिंच लावून घासलेलं, चकचकीत. घरात कोणीतरी ती इतकी वर्षं घासत होतं. त्याने सुनेला हाक मारली.

"सूनबाई, हा वसंता. माया जोडीदार." तो थांबला, त्याला दम लागत होता. "त्या साली रोज सकाळी उठलो का एकच इचार, काम भेटीन का नाही. एकच दिवस असा गेला का मले कामाची आठवनच नाही आली. शेलूबाजारचा. नाही काय रे?"

तिथं बोर्ड नव्हता. नियम नव्हता. रहमतभाई जाऊन किती वर्षं झाली होती. कोणाची गोटी जाणार नव्हती. तो माझ्याकडे बघत होता, मी हो म्हणायची वाट बघत.

मी म्हणालो, "हो. मजा आली होती."