पायडल मारत चौक ओलांडणारे

त्या प्रकरणाचे कागद ठाण्यात केव्हाच वाळवीने खाल्ले असतील. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलेलं नाही. झाशीच्या इलाइट चौराह्यावर एखाद्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं, की मला आजही मागे वळून बघावंसं वाटतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका म्हातारीचा मोडलेला पाय आणि सायकलीला बसवलेलं इंजिन, एवढाच मामला. पण नोकरीत मी ज्या चुका करता करता वाचलो, त्यांत ही सगळ्यात मोठी.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी झाशीतच सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि ठाण्यात मी सगळ्यांचा 'दरोगाजी'. त्या सुमारास शहरात इंजिनाच्या सायकली दिसायला लागल्या होत्या. काही कारखान्यातून तयार आलेल्या मोपेड, काही लोकांनी घरीच जुनं इंजिन बसवून केलेल्या. कायदा सरळ होता. इंजिन लावलं की ती मोटारगाडी. मग आरटीओत नोंदणी करा, नंबर घ्या, लायसन्स काढा, विमा उतरवा. पण लोकांचा कायदा वेगळाच होता. पायडल आहे ना, मग ती सायकल.

एका संध्याकाळी पाचच्या सुमारास चौराह्यावर शिंगाडे विकणाऱ्या एका म्हातारीला अशाच सायकलीची धडक बसली. बाई मूळची जिल्ह्यातल्या गरौठ्याकडची, इथे लेकीकडे राहायची. मांडीचं हाड मोडलं. धडक देणारा थांबला नाही. चौकातला वाहतूक शिपाई तेव्हा अडलेला टांगा बाजूला काढत होता. तो वळेपर्यंत रस्त्यावर नुसते शिंगाडे पसरलेले आणि माणसांचा घोळका. इंजिनाची सायकल होती, हे चार जणांनी सांगितलं. नंबर कुणाला सांगता येईना. आमच्या मुंशीने रिपोर्ट लिहिताना 'बिगर नंबरची गाडी' असं लिहून टाकलं आणि मी खाली सही ठोकली. नंबर कुणी पाहिला नाही, एवढंच लोक म्हणत होते. नंबर नव्हता असं कुणीच म्हटलेलं नव्हतं. हा फरक मला त्या दिवशी कळला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली. शुद्ध हिंदी, गोल टपोरं अक्षर. अमुक मोहल्ल्यातला अमुक इसम बिना पंजीकरण, बिना लाइसेंस, बिना बीमा इंजिनाची सायकल रोज संध्याकाळी पाच वाजता इलाइटवरून नेतो, कृपया दखल घ्यावी. बस, एवढंच. अपघाताचा शब्दही नाही. पण आम्हाला आणखी काय हवं होतं? तासाभरात तो इसम सायकलीसकट ठाण्यात.

आमच्याच लोकांपैकी निघाला. म्हणजे मराठी. तिशीचा, हडकुळा, बोटांवर ग्रीसचे डाग. वडील गेलेले, घरी आई. रेल्वेच्या कारखान्यात सात-आठ वर्षं हंगामी मेकॅनिक म्हणून राबत होता आणि आता कुठे कायम व्हायची वेळ आली होती. हे मला कसं ठाऊक? त्याच्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्याच टेबलावर चार दिवसांपासून पडला होता. त्यावर माझा शेरा जायचा होता. 'गुन्हा दाखल' हे दोन शब्द लिहिले असते तर त्याची नोकरी गेली असती. वयाची मर्यादाही त्याच वर्षी संपत होती, म्हणजे पुन्हा संधी नाही.

मी विचारलं, "काल पाच वाजता कुठे होतास?"

"घरीच होतो, साहेब."

"इलाइटवरून गेला नाहीस?"

"नाही जी. मी त्या बाजूला जातच नाही."

चौकातल्या पानवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "कैसे नहीं, रोज निकलते हैं भैया, कल भी निकले थे." पोराचा चेहरा पांढराफटक पडला. सायकलीचा पुढचा मडगार्डही चेपलेला; तो पोचा जुना, गंजलेला होता, हे मी तेव्हा बघितलंच नाही. समोरचा माणूस खोटं बोलताना सापडला, की पोलिसाला काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. मी त्याला पुष्कळ झापलं. तेव्हा तो रडकुंडीला येऊन बोलला, "गेलो होतो साहेब, पण पायडल मारत गेलो. चौकात माझं इंजिन बंद असतं."

"इंजिनाची सायकल घ्यायची आणि पायडल मारायचं? मला काय दूधखुळा समजतोस?"

"सगळेच मारतात, साहेब. कागद नाहीत ना. पायडल फिरतंय तोवर शिपाई काही विचारत नाही."

मला ती शुद्ध थाप वाटली. त्याला जामिनावर सोडलं, सायकल ठेवून घेतली आणि शेरा लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात त्याची आई आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात काही नाही. ठाण्यात आठ-दहा माणसं होती. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि मराठीत म्हणाली, "भाऊ, माझं लेकरू असं करणार नाही हो. पायाखाली मुंगी आली तरी थांबतं ते."

आता खरं सांगतो. मला तिचा राग आला. सगळ्यांदेखत मराठीत बोलली, याचा आला. उद्या बाजारात म्हणतील, मराठी म्हणून दरोग्याने सोडला. मुंशी मान खाली घालून ऐकतच होता. मी तिला मुद्दाम हिंदीत, मोठ्या आवाजात सुनावलं, "माताजी, यहाँ सबके लिए एक ही कानून है. आप घर जाइए."

ती हळूच म्हणाली, "मराठी विसरलात का, भाऊ?" आणि गेली. ना रडली, ना हात जोडले.

मी पेन पुन्हा उचललं, पण शेरा काही उमटेना. स्वतःवरच चिडलो. पोरगा परका असता तर मी इतक्या घाईने पेन उघडलं असतं का? नसतं. म्हातारीचा जबाबसुद्धा मी अजून घेतला नव्हता. आपल्या माणसाला सोडल्याचा ठपका नको, म्हणून मी त्याला बुडवायला निघालो होतो. फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला आणि टोपी घालून सरकारी इस्पितळात गेलो.

म्हातारी पायाला वजन बांधून पडली होती. मी विचारलं, "अम्मा, कुछ याद है?" ती म्हणाली, "फटफट करत आओ हतो, भैया. मोय कछू नईं दिखो. फटफट सुनी, औ मैं गिर परी." मी पुन्हा विचारलं, आवाज नक्की ऐकला? ती वैतागली. पाय मोडलाय, कान नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलली. शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली.

इंजिन चालू होतं तर. त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस मी चौराह्यावर गेलो. वर्दीवर साधा कोट चढवला आणि पानवाल्याच्या मागे उभा राहिलो. चार ते सहा. काय सांगू, इतकी वर्षं त्या चौकातून जात होतो आणि हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. इंजिनाची सायकल लांबून फटफटत यायची. शिपायाची पांढरी टोपी दिसली की पन्नास पावलांवर इंजिन बंद. मग तो गृहस्थ देवळात निघाल्यासारखा चेहरा करून पायडल मारत शिपायासमोरून जायचा आणि वळण ओलांडलं की पुन्हा फटफट. एक गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. सगळ्यांचा चेहरा तसाच सोज्ज्वळ. मला हसू आवरेना.

तिसऱ्या दिवशी शिपायाला बाजूला घेतलं. "हे रोज असंच चालतं?"

"जी साहब. सब पैडल मारकर निकलते हैं. हम भी सोचते हैं, साइकिल ही तो है."

त्याला कायदा नंतर समजावला. आधी विचारलं, "चौकातून इंजिन चालू ठेवून कुणीच जात नाही?"

तो म्हणाला, "बस एक बाबूजी हैं, सिविल लाइंस वाले. उनके पास पूरे काग़ज़ हैं. इंजन चालू रखते हैं और हमें सलाम करके निकलते हैं." मग थांबून म्हणाला, "पर साहब, तीन दिन से नहीं आए."

तीन दिवस. म्हणजे अपघात झाल्यापासून एकदाही नाही. बिगर कागदाचा माणूस पोलिसासमोर इंजिन चालू ठेवूच शकत नव्हता. ती छाती फक्त कागदवाल्याची. आणि मी बिगर नंबरची गाडी शोधत बसलो होतो.

बाबूजी एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, साठीचे गृहस्थ. घरासमोर तुळस, ओसरीत कापडाखाली झाकलेली मोपेड. माझी वर्दी बघताच आत गेले आणि मेणकापडाची पिशवी घेऊन आले. "पंजीकरण, लाइसेंस, बीमा. सब दुरुस्त है, देख लीजिए." कागद तारीखवार लावलेले, त्यावर त्यांच्या हाताने घातलेले क्रमांक. तेच गोल टपोरं अक्षर. चिठ्ठीतला क्रमही हाच होता.

मी आवाज चढवला नाही. विम्याचा कागद वर काढून विचारलं, "बाबूजी, हा कागद कशासाठी असतो?"

"पुलिस को दिखाने के लिए."

"नाही. हा आमच्यासाठी नसतोच. रस्त्यावर तुमच्या गाडीने कुणाला लागलं, तर त्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून असतो. इस्पितळात एक म्हातारी पडली आहे. हा कागद तिचा आहे."

ते खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. त्यांची समजूत अशी, की ठोकर लागली म्हणजे सगळे कागद रद्द, लायसन्स जप्त, पेन्शन बंद. म्हातारी टोपली सावरत अचानक वळली, ब्रेक लागला नाही, आणि घाबरून ते निघून गेले. "आणि त्या पोराचं नाव का कळवलंत?" असं विचारल्यावर म्हणाले, "झूठ तो नहीं लिखा था, दरोगाजी. उसके काग़ज़ सचमुच नहीं हैं." मला रागही आला आणि त्यांची कीवही. क्लार्क शेवटपर्यंत क्लार्कच राहिला होता.

पुढचं सरळ आहे. त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. म्हातारीचा दावा न्यायाधिकरणात गेला आणि विमा कंपनीकडून तिला भरपाई मिळाली. वेळ लागला, पण मिळाली. बाबूजी दर रविवारी इस्पितळात जायचे. पुढच्या मोसमात ती काठी टेकत चौकात येऊन पुन्हा बसली, आणि माझ्यासाठी शिंगाड्यांचा भाव तिने एकदाही कमी केला नाही.

मेकॅनिकचं चालान मी केलंच. नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा नाही. गुपचूप दंड भरला त्याने. इंजिन सायकलीवरून उतरवायला लावलं. पण पडताळणीच्या फॉर्मवर मी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'चारित्र्याविषयी प्रतिकूल काही आढळले नाही', आणि शिपायाच्या हाती न देता स्वतः पोचवून आलो. महिन्याभरात त्याला कायम झाल्याची ऑर्डर मिळाली. रोजनामच्यात असल्या गोष्टींची नोंद होत नाही, पण त्या दिवशी मी घरी जाऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. बहुतेक माणसं मोठा गुन्हा लपवायला खोटं बोलत नाहीत. ती आपली एखादी बारकी चूक लपवायला खोटं बोलतात आणि मोठ्या गुन्ह्यात अडकतात. म्हणून पुढे कुणी खोटं बोलताना सापडला, की मी आधी स्वतःला विचारायचो, हा नक्की काय लपवतो आहे? दुसरं जे शिकलो ते पोलिसांपुरतं नाही. निःपक्षपाती दिसण्याच्या हौसेपायी आपण आपल्याच माणसावर अन्याय करू शकतो, आणि वर त्याचा अभिमानही बाळगतो. त्या बाईला हिंदीत दिलेलं उत्तर मला फार दिवस टोचत होतं.

सात-आठ महिन्यांनी मी चौराह्यावर बंदोबस्ताला उभा होतो. मागून फटफट ऐकू आली. पन्नास पावलं झाली, तीस झाली, इंजिन बंद होईना. वळून बघतो तर मेकॅनिक. नवीकोरी मोपेड, पुढे पांढऱ्या रंगात नंबर. मला बघून थांबला आणि कुणी मागितले नसताना मेणकापडाची पिशवी काढली. पिशवी ओळखीची वाटली. म्हणाला, "बाबूजींनी दिली. फॉर्मसुद्धा त्यांनीच भरून दिले. साहेब, तपासा ना."

मी तपासले. नोंदणी, लायसन्स, विमा, तिन्ही कागद उलटसुलट करून, जितका वेळ लागायचा तितका लावून. शिपाई शेजारी उभा, पानवाला बघतोय, चार माणसं थांबलेली. कागद परत दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणालो, "सगळं ठीक आहे, जा आता. आणि आईला सांग, भाऊ मराठी विसरलेला नाही."