पडद्याची दमणी

"पावां कां गये, बाई?" असं त्या विचारायच्या, डोळा पडद्याच्या फटीला लावून, मागं न वळता. पाय कुठं गेले, म्हणजे पक्ष्याचे. फट बोटभर. तीत करकोच्याची मान मावली की पाय मावत नसत, आणि पाय शोधेस्तोवर तो रानातल्या पुढच्या सरीत चालता झालेला असे.

गोष्ट निजामाच्या अमलातली. सिंदफणेकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी बदलून आलेल्या तहसीलदारांची ही बेगम. हैदराबादेत वाढलेली, माझ्याच वयाची, आणि बारा महिने चार भिंतींच्या आत. माझे यजमान कचेरीत कारकून. त्यामुळं बेगमसाहेबांना सोबत हवी असा निरोप आला, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. खरं सांगते, मला नाही म्हणायचंही नव्हतं. आमच्याकडे तरी सुनेला पाणवठ्याच्या पुढं कुठं वाट होती!

हकिमांनी त्यांच्या छातीसाठी सकाळची हवा सांगितली होती. हवा खायची, पण कुणाला दिसायचं नाही. मग चारी बाजूंनी पडदे लावून दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली जाई आणि उजाडताना आम्ही दोघी नदीकडे निघत असू. हवा बिचारी पडद्यातून गाळून आत येई. म्हातारा गाडीवान पुढं तोंड करून बसे. मान वळवायची नाही, असा त्याला हुकूमच होता.

होळीच्या आधीचे दिवस. पळस फुलला होता आणि हरभरा निघून रानं मोकळी पडली होती. पाणथळीत बगळे, शराटी, चकवे. सांडलेले घाटे टिपायला रानात राखी करकोच्यांचे थवे. तुम्ही कधी करकोच्याच्या जवळ जाऊन पाहिलं असेल तर ठाऊक असेल, माणूस दिसला की तो दोन शेतं आधीच उठतो. बैलगाडीला मात्र तो भीत नाही. बैल आणि चाकं त्याच्या रोजच्या बघण्यातली. आमची दमणी थेट त्यांच्यात जाऊन उभी राही. गावातल्या एकाही पुरुषाला जे दिसलं नव्हतं, ते आम्हा दोन कोंडलेल्या बायांना हाताच्या अंतरावर दिसे. त्या फटीसाठी आम्ही भांडतसुद्धा असू. त्या वयात मला त्याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं.

पण आनंद पोटात राहत नाही. एके रात्री नवऱ्याला वाढताना बेगमसाहेबांनी सगळं सांगून टाकलं. तहसीलदार शिकारीचे शौकीन, आणि करकोचा काही केल्या त्यांच्या बंदुकीच्या टप्प्यात येत नव्हता. ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, आज येऊ नका. माझ्या जागेवर तहसीलदार बसले होते, बंदूक घेऊन. बायकोलाही त्यांनी नेलं होतं. आपला नेम तिनं पाहावा ही हौस.

पुढचं मला गाडीवानानं सांगितलं. मान वळवायची नसल्यामुळं त्याला मागचं काही दिसलं नव्हतं. दमणी थव्यात उभी राहिली. मागं बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज झाला, आणि तेवढ्यात जू एकदम बैलांच्या मानेवर बसलं. त्यावरून त्यानं ओळखलं, मागच्या अंगानं कुणीतरी उतरलंय.

"बाईसाहेब बैलांच्या पुडं आल्या, तोंडावर काय बी न्हाई," तो म्हणाला. "म्या डोळे मिटून घेतले. मंग लई आवाज झाला. सारं रान उठलं बगा."

बार झालाच नाही. बंदुकीच्या तोंडाशी तहसीलदारांची बायको उभी होती.

त्या दिवसापासून दमणी बंद. हवा खायची तर घरच्या अंगणात खा, वर माळवदावर, घराच्या गच्चीवरसुद्धा पाऊल टाकायचं नाही, असं त्यांना बजावलं गेलं. मी भेटायला गेले ती, आता यांना कसं समजवावं या विचारात. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "उनो मेरेकू पूरा देखे, बाई." उनो, म्हणजे ते करकोचे.

मला त्यांचा हेवा वाटला, आणि वाईटही. त्यांना पूर्ण पाहणारं दुसरं होतं तरी कोण?

उन्हाळ्यात तहसीलदारांची बदली झाली. त्या कुठल्या गावी गेल्या, पुढं त्यांचं काय झालं, कधी कळलं नाही. माझ्याजवळ राहिली ती होळीनंतरची एक सकाळ. आम्ही अंगणात बसलो होतो आणि उंचावरून करकोच्यांचा आवाज यायला लागला. परतीला निघाले होते. भिंतींच्या मधल्या चौकोनी आभाळात काही दिसेना. त्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मान उंचावत फिरल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"तुमे जाओ ऊपर, बाई."

मी शिडीनं माळवदावर चढले. कारकुनाची बायको, भरदिवसा, कचेरीसमोर, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर. बघणाऱ्यांनी बघितलं असेल, बघू दे. थवे घिरट्या घेत वर चढत होते, आणि मी वाकून खाली ओरडून सांगत होते. हा एक नदीवरून आला, तो त्या दुसऱ्यात मिसळला, आता ऊन पंखांच्या खालून लागतंय, आता सगळे उत्तरेला वळले. ते बारीक होत गेले. मग दिसेनासे झाले.

"और बोलो, बाई," खालून आवाज आला.

आभाळ रिकामं होतं. मी सांगत राहिले.