किल्लीचा डबा

जर्मनीत कॉर्न्ड बीफ दोन प्रकारचं मिळतं आणि दोन्हींवर नाव मात्र एकच असतं. आमच्या स्टुटगार्टच्या सुपरमार्केटात एक प्रकार अगदी खालच्या फळीवर, मक्याच्या आणि वाटाण्याच्या डब्यांशेजारी धूळ खात बसलेला असतो. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता असा पत्र्याचा डबा, आणि त्याच्या अंगाला चिकटवलेली एक लहानशी किल्ली. दुसरा प्रकार फ्लाइशथेकेला, म्हणजे मांसाच्या काउंटरला, काचेआड, दिव्याखाली, अजमोद्याच्या हिरव्या पानांच्या संगतीत मानानं पहुडलेला असतो. डब्यातल्यात मीठ, चरबी आणि ठासून भरलेलं बीफ. काचेआडच्यात बीफचे धागे आणि त्यांच्या मधे गोठलेली, आरपार दिसणारी जेली. काउंटरवरची बाई त्याच्या पातळ चकत्या कापते, दर वेळी मागितल्यापेक्षा थोडं जास्त कापते, आणि चालेल ना, असं इतक्या मायेनं विचारते की नाही म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं मी एवढं रंगवून सांगतेय, कारण गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांनी उरलेलं आयुष्य कुठं काढायचं, हे आमच्या घरात या दोन प्रकारांवरून ठरलं. बाकी कशावरून ठरवायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला होता. एक्सेल शीटसुद्धा झाली होती.

आम्ही वसईचे, कॅथलिक. इथल्या मराठी मंडळात आमचं आडनाव ऐकलं की पुण्याच्या वहिनी हमखास म्हणतात, अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता! मी म्हणते, तुम्हीसुद्धा. मग आमच्याकडे बीफ चालतं, हे त्यांना आठवतं आणि त्या माझ्या हातातल्या ढोकळ्याच्या डब्याकडेही संशयानं बघतात. तो ढोकळा असतो. मंडळात दुसरं काही न्यायची माझी हिंमत नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळे पप्पा म्हणतो. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून ते वसईच्या घरात एकटे राहत होते. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, डॉक्टरांनी पार्किन्सन्सची सुरुवात आहे असं सांगितलं, आणि मुलांनी एकदम मुलांसारखं वागायला सुरुवात केली. नणंद बोरिवलीला दोन खोल्यांत स्वतःच्या सासू-सासऱ्यांना सांभाळते. तिनं वसईजवळचा सिस्टर लोकांचा, म्हणजे नन्सचा, एक वृद्धाश्रम शोधला. आमच्याकडे पप्पांना कायमचं आणायचं, तर जर्मन सरकारला आई-बाप ही नाती पर्यटनापुरतीच मान्य आहेत. तीन महिन्यांचा व्हिसा, मग परत. त्या तीन महिन्यांत माझ्या नवऱ्यानं पप्पांना नीट बघायचं आणि ते एकटे राहू शकतात की आश्रमातच जायला हवं, हे सांगायचं, असं बहीण-भावाचं ठरलं. पप्पांना स्वतःच्या घरी जायचं होतं. ते त्यांनी विमानतळावरच सांगितलं होतं, पण त्यांचं मत शीटमध्ये कुठल्या रकान्यात टाकायचं, ते कुणालाच कळलं नाही.

आता या डब्याचं पप्पांशी नातं काय, ते सांगते. त्यांचा भाऊ बहारीनला होता. सुट्टीवर येताना तो कॉर्न्ड बीफचे डबे आणायचा. रविवारी चर्चमधल्या मिसावरून आलं की पप्पा टेबलाशी बसायचे आणि डबा उघडायचे. किल्लीच्या फटीत पत्र्याचं टोक अडकवायचं आणि फिरवत जायचं, पत्र्याची पट्टी किल्लीभोवती गुंडाळत येते. वाकडी गेली की तुटते, आणि तुटली की पक्कड शोधा. माझा नवरा आणि नणंद तेव्हा लहान, दोन बाजूंनी हनुवटी टेबलाला टेकून बघत बसायची. पप्पांची पट्टी कधी तुटली नाही, असं दोघंही अजून सांगतात. त्यापुढचं सगळं मम्मी करायच्या. कांदा, हिरवी मिरची, आमच्याकडे वर्षाचा करून बाटल्यांत भरतात तो बॉटल मसाला, परतलेल्या बटाट्याच्या फोडी, वर हे बीफ कुस्करून, आणि तळाला खरपूस थर धरला की शेवटी व्हिनेगर. संसाराच्या चाळीस-एक वर्षांत पप्पांनी स्वयंपाकघरात केलेलं एकमेव काम म्हणजे ती किल्ली फिरवणं, आणि त्याचं कौतुक मात्र स्वयंपाकाइतकंच व्हायचं. मम्मी गेल्यावर ते पुढचंही शिकले. उशिरा का होईना.

इथे आले तेव्हा त्यांच्या बॅगेत बॉटल मसाल्याची बाटली होती. आल्या आल्या त्यांनी विचारलं, किल्लीचा डबा मिळतो का? मिळतो, असं मी म्हणायच्या आत नवरा म्हणाला, पप्पा, त्याची धार लागेल, आणि मीठ किती असतं त्यात! इथलं ताजं खा.

माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखादी गोष्ट बिघडायची शक्यता असेल तर ती बंद करून ठेवायची, हे त्याचं शिक्षण. त्यानं पप्पांना बंद करून ठेवलं. पप्पा, तुम्ही बसा. मी घेतो, तुम्ही बसा. चहाचा कप अर्धाच भरायचा. बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायची. शर्टाची बटणं आमच्या मुलीनं लावायची. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या त्यानं वरच्या कपाटात, माझाही हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवल्या. महिनाभर मी टोमॅटो स्टुलावर चढून चिरले म्हणायचे.

आणि जेवायला काचेआडचं कॉर्न्ड बीफ. आजारी बापासाठी याहून सोयीचं अन्न जर्मनांनाही सुचलं नसतं. उघडायचं नाही, शिजवायचं नाही, धड चावायचंही नाही. ब्रेडवर चकती, शेजारी काकडीचं लोणचं, झालं. पप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, मऊ आहे. मयताला गेल्यावर माणूस चांगला होता म्हणतात, त्या आवाजात.

दिवसभर ते सोफ्यावर बसत. उजवा हात सोफ्याच्या हातावर, आणि तो थरथरतच असे. नवरा लॅपटॉपवरून मान वर करून बघायचा आणि संध्याकाळी बहिणीला सांगायचा, वाढलंय. दुसऱ्या दिवशी आणखी एक काम त्यांच्या हातातून जायचं. शेवटी रिमोटही गेला. पप्पा हात खिशात घालून बसायला लागले. मला फार वाईट वाटायचं, पण बोलले नाही. मलाही वाटत होतं की काळजी करतोय, तर करू दे.

एका शनिवारी नवरा आणि मुलगी पोहायला गेली होती. मी ठरवलं, पप्पांना त्यांच्या चवीचं काहीतरी करून घालावं. घरात काउंटरवरच्याच चकत्या होत्या. बीफ ते बीफ, असं म्हणून मी कांदा-मिरची परतली, मसाला घातला, बटाटे घातले आणि वर चकत्या टाकल्या. या बाबतीत माझं ज्ञान पुण्याच्या वहिनींइतकंच, हे लगेच सिद्ध झालं. जेली वितळली. बघता बघता तव्यात पाणी झालं आणि त्यात बीफचे धागे आणि बटाटे पोहायला लागले. आमच्या घरात त्या दिवशी सगळेच पोहत होते.

पप्पा वासानं उठून आले. तव्यात वाकून बघितलं. सूप छान झालंय, म्हणाले. मग माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं, आच मोठी केली आणि परतायला लागले. मी बसा म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. पाणी आटेपर्यंत ते तिथे उभे होते, तळ खरवडत होते, बटाटे मोडू न देता उलटत होते, आणि हात जागचा हलत नव्हता. म्हणजे हलत होता, पण त्यांना हवा तसा. तवा उतरवून ते खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवला, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.

डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. हात विसावला की थरथर, कामाला लागला की कमी, बऱ्याच जणांचं असं असतं, असं फोनवर आम्हा दोघांना समजावलं होतं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या होत्या. शिकलेल्या माणसांना समजावणं सोपं असतं, ती लगेच मान डोलावतात.

तळातलं खरवडून आम्ही दोघांनी खाल्लं. चव बरी होती. जेलीवाल्याला खरपूसपणा येत नाही, त्याच्यात चरबीच नाही, पप्पा म्हणाले. सोमवारी कामावरून येताना मी खालच्या फळीवरून किल्लीचा डबा उचलला आणि कपाटात समोरच ठेवला. नवऱ्याला मी हाताचं सांगितलं. तो म्हणाला, एका दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही. गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हटलं, आणि विषय सोडला.

रविवारी नणंदेचा व्हिडिओ कॉल होता. निकालाचाच दिवस तो. फोन मोहरीच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभा केला. नणंद म्हणाली, सिस्टरनी खोली राखून ठेवली आहे, या आठवड्यात हो की नाही कळवायचं आहे. बाग आहे, टीव्ही आहे, चॅपल आहे. नवऱ्यानं हाताचा अहवाल दिला. दोघंही फार हळू, फार प्रेमानं बोलत होती, आणि पप्पा समोर बसलेले असताना त्यांच्याबद्दल ‘ते’ म्हणून बोलत होती. पप्पा हात खिशात घालून ऐकत होते.

मग ते उठले. कपाटातून डबा घेऊन आले आणि टेबलावर ठेवला. नवरा अर्धवट उठला. मी त्याच्या दंडाला धरून त्याला बसवलं. बसा म्हणायची पाळी या घरात एकदा माझ्यावरही आली.

पप्पांनी खिशातला हात बाहेर काढला आणि फोनसमोर रिकामा ठेवला. तो थरथरला. शेजारच्या बशीतला चमचा वाजायला लागला. त्यांनी तो तसाच राहू दिला. नणंदेनं तोंडावर पदर धरावा तसा हात धरला.

“दिसलं? आता हे बघ,” ते म्हणाले.

त्यांनी किल्ली काढली, फटीत पत्र्याचं टोक अडकवलं आणि फिरवायला सुरुवात केली. पट्टी सरळ येत होती. कोपऱ्यावर ते जरा थांबले, डबा वळवला, पुढे फिरवली. माझा नवरा हळूहळू पुढे वाकत गेला आणि त्याची हनुवटी कधी टेबलाला टेकली, हे त्याला कळलं नसावं. आमच्या मुलीनं हा प्रकार जन्मात पाहिला नव्हता. ती म्हणाली, ओपा कान दास. आजोबांना येतं हे. झाकण सुटलं, पट्टी सगळीच्या सगळी किल्लीवर होती.

“हात रिकामा असला की थरथरतो,” पप्पा म्हणाले. “काम दिलं की थांबतो. तुझ्या आश्रमात मला काम कोण देणार?”

“पप्पा, तिथे सगळं हातात मिळतं.”

“तेच म्हणतोय मी.”

नणंद रडायला लागली. आजार वाढला तर, असं तिनं विचारलं. तो वाढणारच आहे, पप्पा म्हणाले, वाढला की मीच सांगेन, तेव्हा ने. तोवर शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावते, गोळ्या वेळेवर घेतो. घरचे नळ गळतात, कुंड्या आहेत, मम्मीच्या कोंबड्या आहेत. आपला हात जगन्नाथ, ते म्हणाले. कॅथलिक माणसानं दिलेला हा दाखला ऐकून एरवी मी हसले असते.

डबा उघडून झाला होता, पप्पांचा हात टेबलावर तसाच पडला होता, आणि चमचा पुन्हा वाजायला लागला. आम्ही सगळेच त्या चमच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होतो.

नवरा उठला. आता हा डबा उचलून नेणार आणि बसा म्हणणार, असं मला वाटलं. तो स्वयंपाकघरात गेला. स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग वरचं कपाट उघडल्याचा. परत आला तेव्हा त्याच्या एका हातात बटाट्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात सुरी, सगळ्यात धारेची. दोन्ही त्यानं पप्पांच्या समोर ठेवल्या.

“बारीक चिरा, पप्पा,” तो म्हणाला. “तुमच्या फोडी मोठ्या होतात, असं ही सांगत होती.”

मी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. पप्पांनी माझ्याकडे रागानं बघितलं आणि पहिला बटाटा उचलला.